दोन साहेब सोडायला आलते

माझं माहेर पोलादपुराकडलं, आंबेनळीच्या घाटाखाली आमची वाडी, आनी सासर हितं पाचाडला, म्हंजे एका डोंगराच्या पायाशी जन्मली आनी दुसऱ्या डोंगराच्या पायाशी नांदली. पार्वती नाव माझं, पन सगळी काकीच बोलतात, तुमीपन काकीच बोला. किल्ला बघायला येतात त्यांना मी पिठलं-भाकरी घालते, आमचे हे होते तेवापासनं ही खानावळ हाय. हे महाडच्या एमायडीसीत एका कंपनीत जायचे, पन कंत्राटी. दर वर्साला बोलायचे, पारू, औंदा मला कायम करनार बघ. कायम. तेवढा एक शब्द त्या मानसानं जन्मभर तोंडात धरला आनी कायम न होताच गेला, काय सांगू तुमाला. आमच्या घरात कायम म्हंजे काय ते तुमी समजून घ्या, एकदा कायम झाला की त्याला कोन हात लावत नाय, साहेबपन त्याला बोलू शकत नाय की उद्यापासून येऊ नको.

मला एकच पोरगा, दिनेश. लहानपनी इतका शांत, घरात कोंबडी कापायची तर हा परड्यात जाऊन कान झाकून बसायचा. हे ध्यानात ठेवा. रांधायचा नाद मात्र त्याला माझ्यामुळं लागला, घाट चढून महाबळेश्वरला हॉटेलात लागला, तिथनं मुंबई, आनी मुंबईतनं ऑस्ट्रेलिया. लग्न आपल्यातलंच करून दिलं, मानगावची पोरगी, शिकलेली, ती तिकडं गेली, नात तिकडंच झाली, सिया. आनी एक दिवस फोन आला, आय, मी इथं कायम झालो. अहो, चुलीवरची भाकरी तशीच टाकून मी ह्यांच्या फोटोसमोर उभी राहिली, बोलली, ऐकलंत काय, तुमचा लेक कायम झाला, तोपन परदेशात. भाकरी जळून कोळसा झाली. त्या दिवशी आळीत साखर वाटली.

तिथला नागरिक व्हायचा कागद वेगळा असतो, कायम म्हंजे नुसता ऱ्हायचा व्हिसा असतो आनी व्हिसा काढून घेता येतो, हे आमाला कुठं ठाऊक? त्याला ठाऊक व्हतं. सून मागं लागायची, अहो, तो कागद करून घ्या, तर हा बोलायचा, घाई काय हाय, कायम तर हाय मी. बापाचाच पोरगा.

मंग त्याचा फोन कमी झाला. रविवारी एकदा, तोपन दहा मिनिटं. बोलला, नवीन जागी हाय, लांब हाय, आत मोबाइल नेता येत नाय. मी बोलली, असेल बाबा, शिस्तीची कंपनी असेल, एमायडीसीतपन गेटवर मोबाइल जमा करून घेतात. बघा, तो आत बोलला आनी मी गेट समजली. दोन-अडीच वर्सं मी तेच समजत व्हती.

गेल्या साली भातकापनी उरकली आनी फोन आला, आय, मी येतोय. एकटाच. मी दारात भाकरतुकडा घेऊन उभी, पायावर पानी घातलं, तुकडा ओवाळून टाकला, त्याच्याकडं बघते तर हातात एक प्लास्टिकची पिशवी, आतलं सगळं दिसतंय, दोन शर्ट, टूथब्रश, बस. बोलली, बॅग कुठं रे? बोलला, मागनं येतेय. बोलली, प्रवास कसा झाला? तर खाली मान घालून बोलला, बरा झाला, दोन साहेब विमानापर्यंत सोडायला आलते. पार आत, शिटवर बसेपर्यंत.

आता आमच्याकडं कसं हाय, मुंबईकर परत जायला निघाला की अर्धी वाडी त्याला एस.टी.पर्यंत सोडायला जाते, गाडी हलेपर्यंत कोन परतत नाय. ज्याला सोडायला जास्त मानसं, त्याचा मान मोठा. आनी माझ्या दिन्याला दोन गोरे साहेब, शिटवर बसेपर्यंत! मी काय गप बसते? नळावर सांगितलं, दुकानात सांगितलं, किल्ल्यावरनं उतरनाऱ्या अनोळखी मानसांना पिठलं वाढता वाढता सांगितलं. आता आठवलं की अंगावर काटा येतो, मी माझ्या तोंडानं गावभर काय सांगत व्हती.

त्यातनं गावकीनं ठरवलं की देवळात सत्यनारायन हाय, तेवा दिनेशचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा. हा बोलला, नको. मी बोलली, लाजतोय मेला.

पूजेला दोन दिवस व्हते आनी मी सुनेला फोन लावला, बोलली, दोन साहेब शिटपर्यंत सोडायला आलते म्हनून दिन्याचा सत्कार हाय, सुट्टी काढून तूपन ये की गो, सियाला घेऊन. ती मंग रडायलाच लागली. बोलली, आई, त्यांनी तुम्हाला काहीच सांगितलं नाही? ते सुट्टीवर नाही आले, त्यांचा व्हिसा रद्द झालाय, तुरुंगातून त्यांना थेट विमानात बसवलं. ते दोघे पोलीस होते, आई. सोडायला नव्हते आले, हाकलायला आले होते.

अगो बाय. पिठाची परात मांडीवरनं घसरली, ते कळलंपन नाय. बोलली, कशाबद्दल तुरुंग? तर तिनं सांगितलं. हॉटेलाच्या भटारखान्यात भांडी घासायला एक मानूस व्हता, तोपन परका, व्हिएतनामचा. काहीतरी बोलाचाली झाली आनी दिन्यानं लोखंडी तवा उचलला. एकदा मारला. तो मानूस पडला. पडल्यावर अजून तीनदा मारला. पडल्यावर, हो. पहिला राग असेल, मी समजते, मलापन राग येतो, मी काय गरीब गाय नाय. पन खाली पडलेल्या मानसाला? कोंबडी कापताना कान झाकनारा माझा पोरगा?

त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, बोलली, किती वेळा मारलास? बोलला, आय, एकदाच. बोलली, दिन्या, मी सुनेशी बोलली. मंग भिंतीकडं तोंड केलं आनी बोलला, मला आठवत नाय. आनी लगेच बोलला, आय, तू कोनाला सांगू नको, दोन महिन्यांत मी दुबईला बघतो, कोनाला कळनार नाय, पूजेला नुसती शाल घेतो आनी गप बसतो.

मी त्या सरकारला शिव्या घातल्या, खोटं कशाला सांगू. बोलली, त्यानं शिक्षा भोगली ना? मंग परत ही दुसरी शिक्षा कसली? इतकी वर्सं राबवून घेतलात, बायको-पोर तिकडं, आनी परका म्हनून फेकून देता? दिवसभर बडबडत व्हती. आनी भाकरी थापता थापता हात थांबला. माझ्या खानावळीत एक आचारी व्हता, परराज्यातला, चांगला रांधायचा, दोन वर्सं ऱ्हायला. त्यानं एकदा हितल्या पोराच्या डोक्यात पळी घातली. मी काय केलं? त्याचं गाठोडं रस्त्यावर फेकलं, बोलली, आमच्या गावात येऊन आमच्या मानसावर हात टाकतोस? आनी पयल्या जीपनं महाडला धाडला. त्याला बायको-पोरं हायत काय, कुठं जाईल, इचारलंपन नाय. गावानं मला शाबासकी दिली. मंग आता कोनाला आनी कुठल्या तोंडानं शिव्या देऊ?

पूजा झाली. माइकवरनं नाव पुकारलं, दिनेश उठला, अंगात नवा सदरा. मलापन बोलावलं, आईनं यावं. शाल गावकीच्या अध्यक्षांच्या हातात. माझ्या मनात येतंय, गप बस पारू, दोन महिन्यांचा प्रश्न हाय, म्हातारपनी कशाला तोंड काळं करून घेतेस. पन ती शाल त्याच्या खांद्याकडं जायला लागली आनी मी हात धरला. बोलली, थांबा, ही शाल घालू नका. तो सुट्टीवर आला नाय. त्यानं एका मानसाला पडल्यावर मारलंय, तुरुंगात व्हता, त्याला तिकडनं काढून टाकलाय. ते दोन साहेब पोलीस व्हते, मी तुमाला खोटं सांगितलं, मला ठाऊक नव्हतं पन खोटंच सांगितलं.

दिन्या खाली उतरला आनी चपला न घालता घरी गेला. आनी मागनं आमची सखूआत्या, नव्वदीला टेकलेली, धड ऐकूपन येत नाय तिला, ती बोलली, गो पारू, पन तो मानूस जगला ना?

काय सांगू तुमाला. दोन दिवस मी रडत व्हती, व्हिसासाठी रडली, नातीसाठी रडली, गावात नाक कापलं जाईल म्हनून रडली. आनी तो मानूस जगला की मेला, हे मी इचारलंच नव्हतं. सुनेला नाय, पोराला नाय. लेकानं काय केलं त्याचा धक्का व्हताच, पन माझं मला जे कळलं, त्याचा धक्का अजून उतरला नाय.

घरी गेली, बोलली, दिन्या, जगला काय तो? बोलला, जगला. उजवा हात उठत नाय त्याचा. बोलली, नाव काय? बोलला, तुआन. त्याची आय त्याच्याजवळच ऱ्हाते, कोर्टात आलती, तीच त्याला भरवते. आनी माझा पोरगा तेवा पयल्यांदा रडला.

दुबई काय झाली नाय, मीच बोलली, हितंच ऱ्हा, माझ्या डोळ्यासमोर. आता खानावळीत भाकऱ्या तोच थापतो. चार घरची मानसं अजून आमच्याकडं पानी पीत नाहीत, त्यांचं मी मनावर घेत नाय. सिया फोनवर दिसते, इचारते, आजी, बाबा कधी येनार, आनी तो उठून पानी आनायला जातो. परत कधीच जाता येनार नाय असं सून बोलते. तिनं यायचं की नाय, ते तिचं ती ठरवील, मी तिला एका शब्दानं बोलत नाय.

सांजवात लावते तेवा मी आधी त्याचं नाव घेते. मला ते नीट बोलतापन येत नाय, तुवान बोलते, देवाला कळत असेल. बोलते, आधी त्याचा हात उठू दे, त्याच्या आयला दोन घास सुखाचे मिळू दे, माझ्या लेकाचं मंग काय ते बघ.

तुमची एस.टी. आली वाटतं. बसा, पानी प्या, थांबतो तो डायवर, वळखीचा हाय. चला, मीपन येते रस्त्यापर्यंत तुमाला पोचवायला. सोडायला बोलायची मी पयले. आता जिभेवर येत नाय.