नट आवळणाऱ्याची जागा

कराड-कोरेगाव एस.टी.त माझ्या मागच्या सीटवर एक आजी-आजोबा बसले होते. आजोबांच्या अंगाला इंजिन ऑइलचा वास येत होता.

"उडालं का मग धैर्यशीलरावांचं ते जुनं इमान?"

"न्हाई."

"आवं, सकाळधरनं पायपच बदलत हुतासा न्हवं?"

"बदललं की. ऑइलचं सगळं पायप बदललं. जुनं भाईरनं चांगलं दिसायचं, पर आतनं कुजलं हुतं. उडताना फुटलं असतं, तर इंजिनच जाम झालं असतं."

"मग नवं गळत्यात व्हय?"

"थेंब न्हाई. इंजिन चालू करून बघितलं. प्रेशरचा काटाबी बरोबर हाय."

"मग अडलं कुठं?"

"एअरफोर्सपासनं माझी रीत हाय. ज्यानं नट आवळला, त्यानं पैल्या फेरीला पायलटच्या मागं बसायचं."

"ते ठावं हाय मला. मग बसायचं की."

"बसाय गेलो, तर पाय उचलंना. नट नीट आवळलाय का न्हाई, तेच मनात याय लागलं. परत सगळं तपासलं. परत बसाय गेलो, परत तेच. आता ह्या हातांवर भरवसा ऱ्हायला न्हाई गं."

"भ्यालासा?"

"व्हय. पैल्यांदाच."

"मग आता?"

"उद्या बसणार. मी बसल्याबिगर धैर्यशीलरावांस्नी उडा कसं म्हनू?"

"मग मीबी येते."

"आगं, दोनच सीटा हायत त्यात."

"बसाय न्हवं. तुमची सगळी नोकरी मी घरात बसून भ्याले. उद्या तितं धावपट्टीच्या कडंला हुबी ऱ्हाऊन भीन."

"ऊन लय असतंय तितं."

"असूंदे."