गंजीले दोघं लागतात

(केनवडजवळचं दोन एकर बरड रान. गवत कापून पेंढ्या बांधलेल्या. वैजयंती गंजीवर उभी राहून पेंढ्या रचते आहे. तिचा नवरा जगदेव खालून एकेक पेंढी फेकतो आहे. दुपार कलली आहे.)

वैजयंती : शेंडे आत, बुंधे बाहेर. किती खेप सांगू? तुमी उलटी फेकता, मले फिरवून घ्या लागते.

जगदेव : हातात येते तशी फेकतो.

वैजयंती : मागच्या महिन्यात एकल्यानं रचली, तेव्हाही अशीच रचली असन. म्हणून त ढळली. पाणी गेलं अन अर्धं गवत काळं पडलं.

जगदेव : पेंढी घ्या, शिडीनं वर चढा, ठेवा, पुन्हा खाली उतरा. चार घंट्यात माणूसच ढळते. गंजीचं काय घेऊन बसली?

वैजयंती : एस.टी.च्या वर्कशॉपात इंजिन खोलत होते, तेव्हा बरी शिस्त होती तुमाले.

जगदेव : इंजिनाले नटबोल्ट असते. गवताले काय असते?

वैजयंती : गवताले पाय लागते. असं कडंकडंनं दाबत फिरा लागते. अनसिंगले आमच्या घरी हे काम माह्याकडंच होतं. मी हलकी, म्हणून बाप मलेच वर चढवे.

जगदेव : आता नाही राह्यली हलकी.

वैजयंती : फेका गुपचूप.

जगदेव : पण तुले जमते वं सारं. सकाळी पाह्यलं मी. चांदी गाय मले लाथा मारते, अन तू धारेले बसली त कशी उभी राह्यली गरीबावानी.

वैजयंती : जमते म्हणून त भेव वाटते.

जगदेव : कायचं भेव?

वैजयंती : इथंच राहून जाईन, याचं.

जगदेव : न्हाणीतली फरशी पाह्यली का तू?

वैजयंती : पाह्यली.

जगदेव : तुले निळी आवडते म्हणून निळी टाकली. दाराले आतून कडी बसवली. गॅस आणला. चूल फुंका नाही लागणार तुले.

वैजयंती : पाह्यलं सारं. चांगलं केलं.

जगदेव : मंग?

वैजयंती : मंग काय? उद्या सकाळच्या गाडीनं निंघीन. वाशीमवरून कारंजाची गाडी भेटते.

जगदेव : चार दिवस राह्यली, त आठ राह्य.

वैजयंती : पेंढी फेका. अन एक सांगा. सकाळी विहिरीवर भाऊसिंग भेटला. म्हणे, वहिनी, मी दोनदा म्हटलं जगदेवभाऊले का गंजी रचून देतो. ते नाहीच म्हणाले.

जगदेव : भाऊसिंगले बोलाची सवयच हाय.

वैजयंती : मले तुमी फोनवर काय सांगतलं? माणूसच भेटत नाही, सारे सोयाबीनवर गेले.

जगदेव : गेले होते.

वैजयंती : शेजारचा भाऊसिंग नव्हता गेला.

जगदेव : पोळ्याले बोलावलं तुले, त गुडघा दुखे. दिवाळीले बोलावलं, त आपला मुन्ना पुण्यावरून येणार होता. गंजी म्हटलं तेव्हा आली. भाऊसिंगनं रचून देल्ली असती, त तुले काय सांगून बोलावलं असतं मी?

वैजयंती : सरळ नाही सांगता आलं?

जगदेव : काय?

वैजयंती : मले करमत नाही म्हणून.

जगदेव : सांगतलं असतं त आली असती?

वैजयंती : नसती आली.

जगदेव : हं. मागच्या हप्त्यात माचिस आणाले गेलो दुकानात, त आवाजच निंगेना. खोकलून पाह्यलं, तरी नाही. मंग ध्यानात आलं, दोन दिवस झाले कोनाशी बोललो नाही.

वैजयंती : गाईंशी बोलता ना?

जगदेव : गाईले नुसतं हुं हुं केलं तरी समजते. तिले शब्द लागत नाही.

वैजयंती : मले न विचारता नोकरी सोडली अन इथं ढोरं घेऊन बसले तुमी. दोन वर्स राह्यले होते फक्त.

जगदेव : विचारलं असतं त सोडू देल्ली नसती.

वैजयंती : मी तुमाले पसंत कायले केलं, ठाऊक हाय? दोन स्थळं आलती. एकाकडं वीस एकर वावर, कोठा भरून ढोरं. तुमच्याकडं नुसती नोकरी. मी बापाले म्हटलं, नोकरीवालाच पायजे. मायचे हात पाहत मोठी झाली मी. बारा महिने फुटलेले. माहेरी कधी एक रात राह्यली नाही बिचारी. धारेचा टाइम झाला का उठे.

जगदेव : हे कधी बोलली नाही तू.

वैजयंती : बोला नाही लागलं. तुमी नोकरीवर जात होते.

जगदेव : पण कारंजाले मी काय करू, सांग. रिटायर झालेले डेपोसमोरच्या टपरीवर बसून राह्यतात, तसा बसू? इथं पहाटं ढोरं हंबरतात. कोनीतरी माही वाट पाहते.

वैजयंती : मी नव्हती पाहत?

जगदेव : तसं नाही म्हटलं मी.

वैजयंती : तीस वर्स तुमची शिफ्ट सुटाची वाट पाहून जेवली. आता कुठं माह्या भुकेनं जेवून राह्यली. सांजच्याले शेजारच्या चेतनाभाभी, हेमला अन मी, तिघी मंदिरापर्यंत फिरून येतो. रस्त्यानं नुसत्या हासतो. तुमाले वाटते मी तथं एकली पडली. मी नाही पडली. एकले तुमी पडले.

जगदेव : पडलो.

वैजयंती : मंग विकून टाका ढोरं. चला संगं.

जगदेव : नाही होत वं माह्यानं.

वैजयंती : माह्यानंही नाही होत.

जगदेव : भांडत काहून नाही तू? पहिले त भांडत होती.

वैजयंती : पहिले वाटे, भांडलं का तुमी आयकसान. आता कोनी चुकलंच नाही, त भांडू कोनाशी? गंजीले येत जाईन दरवर्सी. चार दिवस.

जगदेव : अन मधात?

वैजयंती : मधात फोन करत जा. खोटं नका सांगू फक्त. किती राह्यल्या पेंढ्या?

जगदेव : एकच.

वैजयंती : द्या मंग. दिवस बुडून राह्यला.

जगदेव : हो.

वैजयंती : देता नाही का? दुखले का हात?

जगदेव : नाही दुखले.

वैजयंती : मंग उभे काहून तसेच पेंढी धरून?

जगदेव : हे वर गेली का तू खाली उतरशीन.