शेवटचं कोण?

समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या नगराध्यक्षा श्रीमती दाफिनोवा, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती डॉक्टर कालिना वेलेवा, आणि ज्यांच्या शेजारी बसून मी दर महिन्याला रक्तदाबाच्या त्याच गोळ्या पुन्हा लिहून घेत आलो ते माझे बाकावरचे सोबती,

मी व्यवसायाने हिशेबनीस, मोजकेच बोलेन. डॉक्टरांच्या ज्ञानाविषयी पूर्ववक्ते बोललेच आहेत. मला बोलायचे आहे ते त्यांच्या दवाखान्यातील मारामारीविषयी. अध्यक्षांनी दचकू नये, साक्षीदार सभागृहातच आहेत.

आपल्या दवाखान्यात कायदा एकच. आत येताच विचारायचे, "शेवटचं कोण?" जो हात वर करील, त्याच्यामागे आपण. "मला फक्त औषधाची चिठ्ठी हवीय," ही सबब सगळेच सांगतात आणि कोणाचीही चालत नाही. निम्मे गाव फक्त चिठ्ठीसाठीच येते. सवलत कोणी कोणाला द्यायची?

मार्चमधल्या त्या सकाळी ग्रोझ्दान आला तो काहीही न विचारता थेट आत घुसला. त्याला आईसाठी, म्हणजे आपल्या स्तोयना आजींसाठी, झोपेच्या गोळ्या पुन्हा लिहून हव्या होत्या. दार उघडेच राहिले होते.

"महिन्याच्या गोळ्या पंधरवड्यात संपल्या, ग्रोझ्दान?" डॉक्टरांनी विचारले. " आजींना घेऊन ये. त्यांना पाहिल्याशिवाय मी लिहून देणार नाही."

"ती झोपलीये."

"सकाळी दहा वाजता?"

"तुला काय करायचंय, म्हातारे? लिही!"

त्याने डॉक्टरांचे तोंड टेबलावर आपटले आणि उजवे मनगट पिरगळले. अक्रोड फुटावा तसा आवाज झाला. वसंताच्या स्वागताला आपण मार्चमध्ये बांधतो तो लाल-पांढरा दोरा त्याच मनगटावर होता. तो सगळाच लाल झाला. नाकातून रक्त गळत असताना डॉक्टर म्हणाल्या, "लिहायचा हातच मोडलास की रे. आता कशी लिहू?"

सज्जनहो, तेव्हा कोण उठले? शूर कोणीच नव्हते. उठल्या त्या आपल्या पेन्काताई. "नंबर माझा होता, मेल्या!" असे म्हणून त्यांनी काठी त्याच्या कानावर हाणली. त्याने त्यांना भिंतीवर भिरकावले. समोरचे दोन दात तिथेच पडले. पेन्काताईंच्या मागे कोण? मी. मी खुर्ची उचलली. ती त्याच्या पाठीवर मोडली, तेव्हा हातात उरलेला खुर्चीचा पाय मी त्याच्या गुडघ्यावर वापरला. तो औषधांच्या कपाटावर कोसळला, काचा त्याच्या गालात रुतल्या, तरी तो उठत होता. येथे एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. आम्ही आत शिरलो ते रांगेनेच. कोणीही मध्ये घुसले नाही.

तो निपचित पडल्यावर डॉक्टरांनी डाव्या हाताने त्याच्या डोक्याच्या जखमेवर टॉवेल दाबला, तो पेन्काताईंच्या हाती दिला आणि म्हणाल्या, "मला आधी स्तोयनाकडे न्या."

घराला बाहेरून कुलूप होते. आम्ही दार कुऱ्हाडीने फोडले. आजी पलंगाला बांधलेल्या होत्या. दंड काळेनिळे, ओठ फुटलेले, श्वास इतका मंद की डॉक्टरांनी गाल त्यांच्या तोंडाशी नेऊन पाहिला. मार खाल्लेली आई बोलू नये, यासाठी त्या गोळ्या होत्या. आजी आणि डॉक्टर, दोघींना एकाच गाडीतून इस्पितळात नेले.

काल डॉक्टरांचा दवाखान्यातला अखेरचा दिवस. खोली गच्च भरलेली. दारातून क्षीण आवाज आला, "शेवटचं कोण?" आजी, स्वतःच्या पायांवर. एकही हात वर झाला नाही. पेन्काताई नव्या दातांनी म्हणाल्या, "जा गं आत. फक्त चिठ्ठीच ना?"

"चिठ्ठी कशाला? मला झोप येते आता." मग त्या आत गेल्या. दार उघडेच राहिले. "डॉक्टरीणबाई, तुम्ही सांगितलं होतंत ना, आजींना घेऊन ये? पोरगा तुरुंगात आहे. म्हणून माझी मीच आले."

डॉक्टर, या गावाच्या वतीने मी आपले मनःपूर्वक आभार मानतो. सभाजनहो, बोलण्यात काही कमी-अधिक झाले असल्यास उदार मनाने क्षमा करावी. खुर्चीबद्दल मात्र मी कोणाचीही क्षमा मागत नाही.