पट्टी बघायची मी

सांगलीच्या दवाखान्यात बसलेल्या अपूर्वाच्या कानावर शेजारच्या चाळिशीतल्या नवराबायकोचं बोलणं पडत होतं.

"पट्टीवर रेघ गडद आली, बीज सुटायची वेळ झाली म्हणून सांगितलं, तर तुमी शिराळ्याला निघून गेला!"

"आईनं पाठवलं गं, चंदना."

"सकाळी उठायच्या आधी थर्मामीटर लावायचा मी, पट्टी बघायची मी. वर वांझ म्हणून बोलणी खायची ती बी मीच!"

"हळू बोल की. लोकं ऐकत्यात."

"ऐकू देत. तुमी एकदा तरी तपासून घेतलं का?"

"मला काय झालंय?"

"तेच बघायचं हाय. आज नंबर तुमच्या नावानं लावलाय."

तेवढ्यात नर्सनं हाक मारली, "पारस कोण?"

पारस जागचा हलेना. अपूर्वानं पाय आखडून त्याला वाट करून दिली.