दोघांना पेलेल का

सिक्स्तो: काठ नको धरूस, मधोमध धर. हां, अशी. आता उजेडाकडे कर.

लांदी: केली. तमाल गार होतायत, सिक्स्तो. पहाटे उठून केळीच्या पानात बांधून आणलेत, आणि तू झोळी बघत बसलायस. तूच विणलीस ना ती?

सिक्स्तो: मी विणली तेव्हा अशी नव्हती.

लांदी: नायलॉन आहे, वापरली की सैल होणारच. तू म्हणालास, घरी ने आणि दोन माणसं झोपवून बघ. बघितलं. पेलते. आता पट्टीवर ‘दोघांसाठी’ लिही आणि एवेलिओचा माल पाठवून दे. विषय संपला.

सिक्स्तो: एवेलिओ कान्कुनला दुकानात बसून विकेल आणि मोकळा होईल. घेणारे लोक ती पिशवीत कोंबून जंगलात नेणार, दिसतील त्या दोन झाडांना बांधणार. खाली दगड असेल, खड्डा असेल. मला नीट कळल्याशिवाय मी ‘दोघांसाठी’ लिहिणार नाही.

लांदी: नको लिहूस मग. एकट्यासाठी लिही.

सिक्स्तो: एकट्याची त्याला नकोय. एकट्याच्या झोळ्या सगळे विणतात.

लांदी: मग लिही! किती घोळ घालशील?

सिक्स्तो: त्या दिवशी माझ्या ट्रकवर चढताना माणसांनी विचारलं होतं, मागचा फाळका पेलेल का. मी मागे वळूनसुद्धा न बघता म्हणालो, पेलेल.

लांदी: माहीत आहे रे मला. मला नको सांगूस.

सिक्स्तो: म्हणून विचारतो. कोणाबरोबर झोपून बघितलंस?

लांदी: एल्डाबरोबर.

सिक्स्तो: तुझ्या बहिणीबरोबर.

लांदी: मला काय दहा एल्डा आहेत?

सिक्स्तो: हे बघ. इथे खोलगट झालंय, तिरकं. डोकं ह्या टोकाला, पाय तिकडे. ही तू. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. गुडघ्यापाशी जाळीची घरं फाकलीत.

लांदी: झोळीत गुडघे दिसतात तुला माझे!

सिक्स्तो: दिवसभर दुसरं काय बघतो मी इथे? आणि हे दुसरं. तुझ्याहून जड. लांब, सरळ. एल्डा असती तर कमरेपाशी फाकली असती, हे सगळीकडे सारखं आहे.

लांदी: एल्डा वाळलीय आता.

सिक्स्तो: आणि हे एका रात्रीचं नाही. नायलॉन एका रात्रीत एवढं सुटत नाही. एल्डा इतक्या रात्री घरदार सोडून तुझ्याकडे येऊन राहिली?

ऊक: काय वहिनी, भेट चाललीय का झडती? झडती घ्यायचं काम माझं आहे हां.

लांदी: या, ऊकदादा. तुम्हीच सांगा ह्याला, आधी जेव म्हणावं.

ऊक: सांगायला आलोय ते वेगळंच. त्या झोळीची दोरी फाटकावर माझ्याकडे आहे, जाताना मागून घ्या. झोळी आत चालते, दोरी चालत नाही.

लांदी: आत सगळे कैदी दिवसभर दोराच विणतात की हो.

ऊक: तो सरकारी दोरा. बाहेरची दोरी ती बाहेरची. नियम मी केलेला नाही, मी फक्त उभा राहतो. मग, पेलली का दोघांना? सगळी विणकाम-शेड कान टवकारून बसलीय.

सिक्स्तो: ऊक, तू जा.

ऊक: जातो बाबा. चायाच्या पाल्याचे तमाल दिसतात.

लांदी: घ्या एक.

ऊक: नाही म्हणून तुमचा अपमान कशाला करू!

लांदी: शेडला काय करायचंय माझ्या झोळीशी?

सिक्स्तो: मिर्ना आली होती. मागच्या रविवारी, बेतोला भेटायला.

लांदी: कुंपणापलीकडची मिर्ना. बरं, मग?

सिक्स्तो: ती बेतोला म्हणाली, आणि बेतो शेडमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, की लांदी हल्ली घरात झोपत नाही. अंगणात चिकू आणि नारळाच्या मध्ये झोळी बांधते. आणि झोळीत दोघं असतात. रोज.

लांदी: रोज.

सिक्स्तो: चांदणं होतं, म्हणाली. पुरुष आहे, जराही हलत नव्हता, गाढ झोपलेला. शर्ट निळा होता. तिला ओळखू आला. माझा आहे.

(लांदी झोळीची घडी घालायला घेते. अर्धी घालते आणि पुन्हा उलगडते.)

सिक्स्तो: मी ओरडणार नाही. तिसरं वर्ष आहे. अजून किती, तुलाही माहीत आहे. कुणी काही म्हणणार नाही तुला. फक्त तू सांग. बेतोच्या तोंडून नको.

लांदी: म्हणजे तू ठरवूनच बसलास.

सिक्स्तो: ठरवलं नाही. विचारतोय. माझा शर्ट कोणाला घातलास?

लांदी: मक्याला.

सिक्स्तो: कोण हा मक्या?

लांदी: अरे मका! मका, मका! आपला, शेतातला. पोतं आहे ते, सिक्स्तो. मक्याचं पोतं.

सिक्स्तो: पोत्याला शर्ट?

लांदी: गोणपाट टोचतं. रात्रभर दंडाला घासतं. म्हणून घातला. हस आता. शेडमध्ये जाऊन सांग, त्यांनाही हसू दे.

सिक्स्तो: मी हसत नाहीये.

लांदी: मग कोणाला बोलावणार होते मी? एल्डाला विचारलं मी, खरंच विचारलं. ती म्हणाली, माझी पाठ धरते, नवरा काय म्हणेल. शेजारच्या कुणाला सांगू, ये बाई, माझ्या नवऱ्याच्या झोळीत माझ्या शेजारी झोप? दोन पोती एकाला एक शिवली. तू लांब आहेस ना. रिकामीच झोळीत टाकली आणि मग डब्याडब्यानं मका ओतला. भरलेलं उचललं असतं कुणी?

सिक्स्तो: वजन?

लांदी: मागे तू पैज लावून गिरणीतल्या काट्यावर बसला होतास, आठवतं? तेवढं. डबा मोजून घेतला होता गिरणीत. बरोब्बर तेवढं.

सिक्स्तो: बरोब्बर माझं.

लांदी: दुसऱ्या कोणाचं घेऊ? तू म्हणालास, खऱ्यासारखं झालं पाहिजे. डोकीसुद्धा उलटसुलट ठेवली, तू सांगितलं होतंस तशी. माझं ह्या टोकाला, त्याचं त्या टोकाला.

सिक्स्तो: पोत्याला डोकं कुठलं?

लांदी: जिथे बांधलं ते डोकं.

सिक्स्तो: मग चाचणी पहिल्याच रात्री झाली असेल.

लांदी: झाली. दोरी कुरकुरली थोडी, मग गप्प बसली. सकाळी बघितलं, एक धागा तुटला नव्हता.

सिक्स्तो: मग पुढच्या रात्री?

लांदी: काढायचं राहून गेलं.

सिक्स्तो: लांदी.

लांदी: कामं काय कमी असतात घरात? उद्या काढू, उद्या काढू म्हणत राहिलं. आणि दिवसभर उन्हात असतं ना ते, मग रात्री ऊब राहते मक्यात. पहाटेपर्यंत. घरातली आपली मोठी झोळी, तिच्यात एकटीनं झोपलं की दोन्ही काठ वरून अंगावर येतात. गुंडाळून ठेवल्यासारखं होतं. हिच्यात पोत्यानं ताण राहतो. त्याच्या बाजूला मी घसरते, तुझ्याकडे घसरायचे तशी. कितीही इकडे झोपले तरी सकाळी तिकडे.

सिक्स्तो: मला का नाही सांगितलंस?

लांदी: काय सांगू? मी पोत्याजवळ झोपते म्हणून? ऐक आता, सगळंच ऐक. त्यात किडे पडलेत. टोके. रात्री कान लावला की बारीक आवाज येतो आतून, कुरतडल्याचा. पहिल्यांदा कळलं तेव्हा मका वाळत घालायला हवा होता. नाही घातला. म्हटलं, राहू दे. काहीतरी बोलतोय तरी.

सिक्स्तो: खा तू. तूही काही खाल्लं नाहीस.

लांदी: तू रडायला लागलास तर मी उठून जाईन हां, सांगून ठेवते.

सिक्स्तो: नाही रडत. विचार करतोय. पोतं कूस बदलत नाही.

लांदी: म्हणजे?

सिक्स्तो: तुझी चाचणी अर्धीच झाली. पोतं पडून राहतं. माणूस धपकन बसतो, वळतो, हसतो. दोघं एकदम उठतात. हिसका बसला की तेवढंच वजन दुप्पट होऊन ओढतं. त्या फाळक्याचंही तेच झालं. उभी माणसं पेलली होती त्यानं. खड्डा आला तेव्हा गेला, माणसांना घेऊन. म्हणून तर मी इथे आहे.

लांदी: मग काय, पोत्याला नाचवू?

सिक्स्तो: ऊक! ए ऊक, जरा इकडे ये.

ऊक: आत्ता जा म्हणालास, आत्ता ये म्हणतोस. मिटलं का तुमचं?

सिक्स्तो: ती दोरी आण. ह्या दोन बदामाच्या झाडांना झोळी बांधायची आहे.

ऊक: वेड लागलं का तुला? अंगणात मुलंबाळं आहेत, अधिकारी खिडकीत बसलाय. भेटीत झोपायचं नाही, हे फाटकावर लिहिलंय.

लांदी: झोपत नाही हो. बसतो फक्त.

सिक्स्तो: दोघंही बसणार. धपकन. कामाचं आहे, ऊक. मालावर ‘दोघांसाठी’ लिहायचं आहे.

ऊक: पाय जमिनीवर?

लांदी: पाय जमिनीवर. माझे तर पोचायचे नाहीत, तुमच्या टोपीवर ठेवते हवं तर.

ऊक: वहिनी, तुमच्या तमालांनी माझी नोकरी जाणार एक दिवस. थांबा. गाठी मी मारतो, आणि दोरी सुटली की माझ्या हातात. विचारलं तर सांगेन, कामाचं होतं.

सिक्स्तो: वर नको, कमरेच्या खाली. आणि ताणू नकोस. सैल असली तर कमी ओढते. अजून सैल.

ऊक: मलाही झोळीतच जन्माला घातलंय माझ्या आईनं, शिकवू नकोस. बसा.

सिक्स्तो: मी तीन म्हणालो की एकदम. एक, दोन, तीन.

ऊक: अरे देवा! माझं बदामाचं झाड!

लांदी: पेललं.

सिक्स्तो: परत. उठ. परत बस, जोरात.

लांदी: लोक बघतायत.

सिक्स्तो: बघू देत. बेतोची मिर्नापण आलीय, तिलाही बघू दे. हां. आता हल. वळ माझ्याकडे, जशी वळतेस तशी.

लांदी: वळले. पेलतेय, सिक्स्तो. गाठसुद्धा सरकली नाही.

सिक्स्तो: आवाजही नाही. ‘दोघांसाठी’ लिहितो मी. आता लिहितो.

लांदी: थांब, उठू नकोस.

सिक्स्तो: काय झालं?

लांदी: तू घसरतोयस.

सिक्स्तो: कुठे?

लांदी: माझ्याकडे. मी इथेच आहे, हललेसुद्धा नाही. तू माझ्या अंगावर येतोयस.

सिक्स्तो: झोळी तिरकी बांधली असेल ऊकनं.

ऊक: ए, माझ्या गाठींना नावं ठेवायची नाहीत.

लांदी: गाठी सरळ आहेत. इतकी वर्षं मी तुझ्याकडे घसरलेय, तू माझ्याकडे कधीच नाही. जड माणसाकडे हलकं घसरतं, तूच शिकवलंस मला. शर्ट वर कर.

सिक्स्तो: इथे?

लांदी: कर म्हणते ना.

सिक्स्तो: सगळ्यांचंच उतरतं इथे. बसून काम. भूक लागत नाही.

लांदी: किती उतरलं?

सिक्स्तो: दवाखान्यात तोलतात मधूनमधून.

लांदी: किती, सिक्स्तो?

सिक्स्तो: तेरा किलो.

लांदी: आणि मी दर रविवारी समोर बसून तमाल वाढतेय, आणि मला दिसलं नाही. सैल कपडे घालून येतोस.

सिक्स्तो: आजारी नाही मी. खरंच नाही. विचार डॉक्टरला. घरी आलो की भरून येईन.

ऊक: वेळ झाली, वहिनी. मी काही म्हणत नाही, घंटा म्हणते. दोरी सोडतो मी, उतरा सावकाश.

सिक्स्तो: ही झोळी तू घरी ने. सैल पडलेली, एवेलिओला देता येत नाही. नमुना मी नवा विणतो.

लांदी: नेऊ परत?

सिक्स्तो: ने. चिकूलाच बांध. नारळाकडची गाठ दोनदा मार.

लांदी: मका आज पहाटेच काढून ठेवलाय, डब्यांमध्ये. संध्याकाळी भरेन पुन्हा. तेरा किलो कमी भरते.

सिक्स्तो: नको गं. असू दे आहे तेवढं.

लांदी: नाही. आहे तसं भरायचं. खोट्याजवळ नाही झोपत मी.

सिक्स्तो: मग काढलेला कोंबड्यांना घाल. किडका आहे.

लांदी: नाही घालत. निवडून, ऊन दाखवून डब्यात झाकून ठेवते. तुझं वजन भरलं की परत ओतायचाय.