समोरच्या दुकानातली कुंडी

— नाही नाही, ताई, तो फवाऱ्याचा डबा आधी खाली ठेवा. ठेवलात? हां, आता बोलू. विकणारा मी, आणि मीच म्हणतोय घेऊ नका, तेव्हा त्यात काहीतरी असेलच ना? कोळी मरेल हो त्याने, का नाही मरणार — पण खालच्या कुंड्यांतली झाडंसुद्धा माना टाकतील. बँकेतले एक साहेब असाच डबा घेऊन गेले, हौसेने खोलीभर मारला, आणि आठवड्याने एक काळंठिक्कर पान चिमटीत धरून इथे उभे, माझ्याकडे असे बघतायत, जणू मीच त्यांच्या घरी जाऊन फवारून आलो. म्हटलं, साहेब, आणि कोळी? तर म्हणाले, "कोळी मजेत आहे." हसू नका, खरंच! तो सरकला कपाटामागे आणि झाडांचं झालं वाटोळं.

ऐका, सांगतो. हा लांब दांड्याचा झाडू न्या, त्याला ओलं फडकं गुंडाळा, आणि कोपऱ्यातली जळमटं ओढायची नाहीत — गोल फिरवत गुंडाळायची, म्हणजे खाली झाडांवर काही पडत नाही. पानांवर जाळं असेल तर साधं पाणी आणि मऊ कापड, पानाखाली तळहात धरून पुसायचं. कोळी दिसलाच तर वरून पेला पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा, आणि बाहेर नेऊन सोडा — मारता कशाला, डास खातो बिचारा. पुदिन्याचं तेल? आहे ना, ही बाटली — पण पानांवर नाही हं, पानं भाजतात. पाण्यात थोडे थेंब टाकून खिडकीची चौकट तेवढी पुसायची. कुंड्या भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. आणि संध्याकाळी खिडकीत दिवा ठेवता का? तरीच! दिव्यावर किडे, किड्यांमागे कोळी — त्याचंही आमच्यासारखंच, गिऱ्हाईक दिसेल तिथे दुकान मांडतो.

झाडं कुठून घेतलीत? — समोरून. वाटलंच मला. नाही, चांगलं दुकान आहे, मी कशाला नावं ठेवू? झाडवाली बाईही चांगलीच आहे, बोलायला गोड — जरा जास्तच गोड. आमची ही असते ना तिथे. माझी बायको हो! दुपारी जेवण आटोपलं की पदर खोचते आणि निघाली रस्ता ओलांडून. आधी म्हणाली, मदत करून येते जरा. त्या मदतीला अजून अंत नाही. मला काय, मला काही वाटत नाही — बायकांना मैत्रीण हवीच. हे स्टूल बघताय ना, हे हिचं. पूर्वी इथे बसायची, आता खोकी असतात त्यावर. आणि ते तिकडे बघा, दारातून — पालथ्या बादल्यांवर दोघी समोरासमोर, कोपरापर्यंत माती, आणि हसणं काय! एवढं हसण्यासारखं मातीत असतं तरी काय, सांगा मला? घरी बोलते ती पानांचं. अमक्याला नवा कोंब आला, तमक्याचं मूळ कुजलं. मला ठसका लागला तर पाण्याचा पेला पुढे करते, पण लक्ष कोंबात. मग मी काय केलं — मीही धंदेवालाच — चार कुंड्या आणून ठेवल्या दाराशी. म्हटलं, घे, इथेच घाल काय पाणी घालायचंय ते. घातलं, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी म्हणते, "ह्यांना इथे ऊन मिळत नाही हो," आणि चारही कुंड्या उचलून समोर! आणि झाडवालीने विकल्या त्या. मी आणलेल्या!

जाऊ द्या. एक सांगा, कुंडीच्या काठाखाली बोट फिरवून बघितलंत का? बाहेरच्या बाजूने, काठ वळतो तिथे — वाटाण्याएवढा पांढरा गोळा, कापसासारखा? — दोन? दोन आहेत! अहो, मग तुमच्या घराचा काय दोष? ती अंडी आहेत कोळ्याची, नुसती कुंडी घरात नाही आणलीत, कोळ्याचं अख्खं खटलं आणलंत समोरून! जुन्या सुरीने खरवडा, पिशवीत घालून गाठ मारून टाका, रोपाला धक्काही लागत नाही. पण त्याआधी ती कुंडी घेऊन जा परत. जाच! दारात उभ्या राहून सांगा, चार गिऱ्हाइकं असतील तेव्हा सांगा, चांगलं मोठ्याने — कळू दे गल्लीला काय विकते ती. आमच्याकडून साधी बादली तरी पुसल्याशिवाय गेलीय कुणाकडे? ही इथे बसायची तेव्हा प्रत्येक वस्तू उलटी करायची, बुडाला, काठाला फडकं फिरवायची आणि मगच हातात द्यायची. गिऱ्हाईक कंटाळायचं, पण ही सोडायची नाही. सवयच तिची. तिच्या हातून असली कुंडी गेलीच नसती, पैज लावतो मी. झाडवालीनेच दिली असणार.

काय? झाडवालीने नाही? मग कुणी — चष्मा दोरीला अडकवून गळ्यात? साडीला हिरवी किनार?

हं.

असू दे. परत वगैरे नका जाऊ, ताई. एवढी झाडं, एवढी माती, राहून जातं माणसाच्या हातून. खरवडून टाका, झालं. आणि कुणाला सांगत बसू नका — गल्लीत उगाच बोभाटा. — देताना हसत होती का हो? नाही, सहज विचारलं. — हसत होती. मग बरोबर. हसण्याच्या नादात काठ कसला बघतेय.

आणि तुम्ही तिला नाही विचारलंत कोळ्यांचं? — विचारलंत? आणि तिनेच पाठवलं इकडे? बघा! आधी सांगायचं नाही का! ठाऊक आहे तिला, झाडांचं कितीही शिकली तरी असल्या गोष्टीत शेवटी आमच्याचकडे यावं लागतं. काय म्हणाली नेमकं? आमच्या ह्यांना विचारा, म्हणाली असेल. की नवरा बसतो माझा समोर, असं? — नाही, आठवून सांगा ना, तिचे शब्द —

"समोरच्या दुकानदाराला विचारा."

समोरच्या दुकानदाराला.

आणि पुढे? पुढे काहीच नाही?

घ्या, हा झाडू घ्या. ही बाटली. पिशवी नाही, संपल्यात. नाही ताई, आता काही विचारू नका, मला माल लावायचाय. निघा तुम्ही. आणि जाताना ते दार ओढून घ्या — अर्धं नको, पूर्ण ओढा. अजून ओढा. दिसतंय अजून.