चार कपाटांचा पुरावा

सत्याला पुरावा लागतो. सुताराने आज तो तिघांकडून ढकलवत आणला होता. सर्व्हिस सेंटरच्या बाकावर तो मेव्हण्याला समजावत होता, आणि शेजारच्या बाईंनी मघापासून वर्तमानपत्राचं पान उलटलं नव्हतं.

"दोन महिन्यांची कोरी पिकअप आणि ही पाचवी खेप."

"पण भावोजी, इथे आली की ती शहाण्यासारखी चालते."

"कारण दर वेळी आपण ती रिकामी आणतो. बंद पडते माल भरल्यावर. आज चार कपाटांसकट, बंद पडलेलीच आणलीये. आता लिहा म्हणावं, काही दोष नाही."

"कपाटं आज शाळेत पोचली नाहीत तर बाकांचं काम दुसऱ्याला जाईल, हेडबाईंनी सांगितलंय."

"पोचतील. नव्या गाडीतून. बदलून दिल्याशिवाय मी इथून हलत नाही."

"ताईला असंच सांगू?"

"सांग, जेवायला येतोय. गाडी घेऊन."

काउंटरवरची मुलगी कागद घेऊन आली.

"पिकअप तुमची ना, काका?"

"आमचीच. भरलेलीच तपासा, बाळ."

"भरलेली गाडी लिफ्टवर घेत नाहीत. कपाटं फाटकाशी उतरवून ठेवलीत. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली."